पाच जागा, 19 कलाकार आणि एकच प्रदर्शन: वाटणी कशी करावी?

कोरीभिंत

नमस्कार मंडळी,

आमच्या गटाने तरुण कलाकारांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलंय. 19 जण आहेत, 20 ते 28 वयाचे, आणि बहुतेकांचं काम घर किंवा वर्गाबाहेर पहिल्यांदाच लागणार आहे. एका मोठ्या दालनाची तारीख काही केल्या मिळेना, म्हणून शहरात मिळतील त्या जागा मागितल्या. एखादी हाती लागेल असं वाटलं होतं, पाचही जणांनी हो म्हटलं. वाचनालयाचा वरचा मजला, नाट्यगृहाचा प्रवेशकक्ष, कला महाविद्यालयाचं छोटं दालन, एक बंद पडलेला छापखाना आणि उद्यानातली काचेची खोली.

हातात 11 आठवडे आहेत, प्रदर्शन 10 दिवस चालेल. मी तक्ता केला: चार जागी चार-चार कलाकार आणि एका जागी तीन. काल तो सगळ्यांसमोर ठेवला तर कोणी काही बोलेना. मग एकेक जण बाजूला येऊन तेच सांगू लागला, "मला महाविद्यालयाच्या दालनात जागा दे." तिथे पांढऱ्या भिंती आहेत, दिवे आहेत. छापखाना आणि काचेची खोली कोणालाच नको.

चिठ्ठ्या टाकाव्यात का? निदान कोणावर अन्याय झाला असं तरी होणार नाही. दुसरी काळजी अशी, की लोक एक जागा बघतील आणि घरी जातील. मग बाकीच्या चार ठिकाणच्या मुलांचं काय? तीन रात्री याच विचारात गेल्या आहेत. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

तिसरामजला

चिठ्ठ्या अजिबात नकोत. चिठ्ठीने जागा मिळाली की मुलगा त्या जागेचा होत नाही, नुसता तिथे अडकतो. आणि पाचच्या तीन जागा करता आल्या तर बघा. दहा दिवस पाच ठिकाणी माणसं बसवायची म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून 100 पाळ्या होतात. तेवढे हात आहेत का तुमच्याकडे, हे आधी मोजा.

ओळंबा

ताई, मी 21 वर्षं लोकांची चित्रं टांगतोय. मोठ्या दालनांत टांगली, शाळेच्या व्हरांड्यात टांगली, शहरभर विखुरलेल्या प्रदर्शनांतही टांगली. तुमचा तक्ता वाचला आणि जुनं दुखणं वर आलं, म्हणून जरा लांबण लावतो.

तो तक्ता बाजूला ठेवा. माणसांची वाटणी करायला गेलात तर भांडण ठरलेलंच. कामाला जागा शोधायला निघालात तर निम्मी वाटणी आपोआप होते. एक अख्खा दिवस काढा आणि सगळ्या 19 जणांना पाचही जागा चालत दाखवा. प्रत्येकाच्या हातात मोजपट्टी आणि आपल्या कामाची मापं. संध्याकाळी प्रत्येकाने दोन जागा लिहून द्यायच्या आणि 'इथेच का' हे प्रत्येकीबद्दल दोन ओळींत लिहायचं. "भिंत चांगली आहे" हे कारण धरायचं नाही. ते चिठोरे वाचून निर्णय तुम्ही घ्यायचा, आणि तो का घेतला हे ज्याला त्याला समोर बसून सांगायचं.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्या गटाने पहिल्यांदा चार ठिकाणी प्रदर्शन केलं तेव्हा आम्हीही आकड्यांनी वाटणी केली होती. एक मुलगी रंगीत शाईने कागदावर काम करायची. तिच्या वाट्याला पश्चिमेच्या खिडकीची खोली आली. दुपारी तीननंतर ऊन थेट भिंतीवर यायचं. आम्हाला ते सुंदर दिसायचं, आम्ही फोटोही काढले. बाराव्या दिवशी चित्रं उतरवली आणि घरी नेऊन तिने फ्रेम उघडली. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकली गेलेली अर्ध्या बोटाची कड अजून गर्द गुलाबी होती. बाकीचं सगळं आभाळ धुतल्यासारखं फिकं. तिने ती कड बोटाने दाखवली आणि काही बोलली नाही. दोन वर्षांचं काम होतं ते. गेलेला रंग परत येत नाही, कुठल्याही उपायाने येत नाही.

म्हणून काचेच्या खोलीचं आधी सांगतो. कागदावरच्या कामांना, जलरंग असो, शाई असो की मुद्राचित्र (ठशावरून छापलेलं चित्र), संग्रहालयं साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे पडणारा प्रकाश मोजायचं एकक) वर प्रकाश पडू देत नाहीत. तैलरंगांना 200 च्या आसपास. भर दुपारी थेट उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. तेव्हा तिथे कागद नको, छायाचित्र नको, रंगवलेलं कापडही नको. पण माती, धातू, दगड, काच यांत काम करणारं कोणी असेल तर त्याच्यासाठी पाचांत त्याहून चांगली जागा नाही. दिवसभर सावली सरकते, शिल्प बदलत राहतं. महाविद्यालयाच्या दिव्यांखाली ते कधी होणार नाही.

छापखान्याबद्दल मुलं नाराज आहेत ना? त्यांना 1988 सालची गोष्ट सांगा. लंडनच्या गोदीभागात बंदर खात्याची एक इमारत रिकामी पडली होती. गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात शिकणाऱ्या डेमियन हर्स्टने आणि त्याच्या सोबत्यांनी ती मागून घेतली, स्वतः साफ केली, भिंती रंगवल्या आणि 'फ्रीझ' नावाचं प्रदर्शन भरवलं. नीटनेटकी पुस्तिकाही छापली. कुठल्या दालनाचं बोलावणं येईपर्यंत ते थांबले नाहीत. जागा ओबडधोबड असली तरी चालते, मांडणी ओबडधोबड असून चालत नाही.

आणि एक जागा बघून माणूस गेला तर? जाऊ दे. त्याला तिथे पूर्ण काहीतरी मिळालं पाहिजे, एवढंच आपल्या हातात आहे. बेल्जियममधल्या घेंट शहरात 1986 मध्ये यान हूट यांनी जवळजवळ 50 राहत्या घरांत प्रदर्शन भरवलं. कलाकारांनी त्या त्या घरासाठी काम केलं आणि लोक अनोळखी माणसांच्या बैठकीच्या खोल्यांत जाऊन बघून आले. एका दालनाचे पाच तुकडे करून ते पाच ठिकाणी ठेवले तर प्रत्येक ठिकाणी तुकडाच दिसतो. पाचही जागांना आपापलं म्हणणं असू द्या.

आता किल्ल्या. हसू नका, सगळ्यात जास्त मनस्ताप याचाच झालाय. आमच्या त्याच पहिल्या चार ठिकाणच्या प्रदर्शनात उद्घाटनाच्या दुपारी तिसऱ्या जागेला कुलूप. किल्ली रखवालदाराकडे, त्याची पाळी दोनला संपलेली. ज्याचं काम आत होतं तो मुलगा आई-वडिलांना घेऊन दीड तास पायरीवर उभा होता. वडील गावाहून मुद्दाम आले होते. तेव्हापासून माझा नियम आहे: प्रत्येक जागेच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, आणि दोघांचीही नावं आणि नंबर एका कागदावर, तो कागद सगळ्यांकडे.

टांगण्याचं गणित सोपं आहे, पण करत कोणी नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून 150 सेंटीमीटरवर धरा. समजा फ्रेम 60 सेंटीमीटर उंच आहे. तिची अर्धी उंची 30. मागची तार मधोमध वर ओढली की फ्रेमच्या वरच्या कडेखाली 8 सेंटीमीटरवर थांबते. मग हूक 150 अधिक 30 वजा 8, म्हणजे 172 वर. एका हूकऐवजी दोन लावा, चित्र तिरकं होत नाही. छापखान्यात मात्र प्रत्येक वेळी जमिनीपासून मोजू नका, जुन्या फरशीला उतार असतो. एका कोपऱ्यात 150 ची खूण करा आणि पाणसळीने किंवा लेझरने तीच रेषा भिंतभर न्या.

शेवटचं. तैलरंगवाल्यांना आजच तारीख द्या. मुलं आदल्या रात्रीपर्यंत रंगवतात, आणि तैलरंग वरून कोरडा वाटला तरी आतून वाळायला कित्येक महिने घेतो. ॲक्रिलिक लवकर वाळतं पण उन्हात मऊ पडतं. त्यावर थेट बबल रॅप गुंडाळलं तर बुडबुड्यांचे गोल ठसे उठतात. आधी ग्लासीन कागद (गुळगुळीत, पातळ, अर्धपारदर्शक असतो तो), मग बाकीचं. गाडीत चित्रं उभी ठेवा, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून, मध्ये पुठ्ठा. काम ताब्यात घेताना पुढचा-मागचा फोटो काढा, आधीचा ओरखडा असेल तर तो लिहून ठेवा आणि दोघांच्या सह्या घ्या. परत देतानाही तसंच. पहिल्यांदा काम देणाऱ्या मुलाला त्या एका कागदाने केवढा धीर येतो, ते मी पाहिलंय.

कोरीभिंत

दादा, हे सगळं मी आमच्या गटाला मोठ्याने वाचून दाखवलं. गुलाबी कडेपाशी एकदम शांतता झाली. आमच्याकडे शाईने काम करणाऱ्या दोघी आहेत आणि माझ्या तक्त्यात त्यातली एक काचेच्या खोलीतच होती.

तिसरामजला, पाळ्या मोजल्या. 19 कलाकार आणि सात स्वयंसेवक धरले तर प्रत्येकाला चार पाळ्या येतात. जमेल असं वाटतंय. पण कोणी आजारी पडलं तर काय, ते अजून सुटलेलं नाही.

दोन गोष्टी राहिल्या. उद्घाटन एकाच जागी केलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल. शिवाय एकाचं चलत्चित्र आहे, 14 मिनिटांचं. ते कुठे लावू?

दूरचीखोली

मी अशाच एका प्रदर्शनात सगळ्यात लांबच्या जागी होते, म्हणून लिहिते. पहिले चार दिवस दिवसाला पाच-सहा माणसं आली. मी दाराशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. पाचव्या दिवशी कळलं की पहिल्या जागी बसणाऱ्यांपैकी कोणी आमची जागा पाहिलीच नव्हती. ते लोकांच्या हातात नकाशा द्यायचे आणि संपलं. त्या संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र सगळ्या जागा फिरलो. दुसऱ्या दिवसापासून तीच माणसं सांगायला लागली, "इथून डावीकडे दहा मिनिटं चाला, तिथे एका मुलीने दोऱ्याने अख्खी खोली बांधली आहे, ती बघाच." लोक यायला लागले. दोऱ्याची खोली शोधत यायचे. नकाशा कागदावर असतो, पण पाय उचलले जातात ते कोणीतरी मनापासून सांगितलं की.

जर्मनीत म्युन्स्टरला 1977 पासून दर 10 वर्षांनी शहरभर शिल्पं मांडतात, लोक नकाशा घेऊन सायकलवर फिरतात. तुमच्या नकाशावर दोन जागांमधलं अंतर मिनिटांत लिहा, मीटरमध्ये नको. आणि पाचही जागांच्या वेळा एकच ठेवा. एखादी जागा सोमवारी बंद असेल तर ते नकाशाच्या दर्शनी बाजूलाच छापा. बंद दारावरून परतलेला माणूस पुढच्या जागी जात नाही.

उद्घाटन चालत करा. पहिल्या जागी सुरुवात, मग सगळ्यांनी मिळून पुढे, प्रत्येक ठिकाणी तिथल्या कलाकारांनी चार वाक्यं बोलायची. भाषणं नकोत. शेवट सगळ्यात लांबच्या जागी करा, म्हणजे गर्दी तिथे थांबते. एवढं माझ्यासाठी करा.

ओळंबा

दूरचीखोली यांनी सांगितलं ते माझ्या लांबलचक उत्तरापेक्षा मोलाचं आहे.

चलत्चित्र नाट्यगृहाच्या प्रवेशकक्षात नको. तिथे उजेड आणि गोंगाट दोन्ही. वाचनालयात आवाज चालणार नाही, आणि हेडफोन एकच लावला तर एका वेळी एकच माणूस. छापखान्यात कागदाच्या साठ्याची खोली असेलच, बहुधा बिनखिडकीची. ती बघा. लॅपटॉपवर चालवू नका, मध्येच झोपतो किंवा अपडेट मागतो. पेनड्राइव्ह लावला की आपोआप सुरू होऊन पुन्हापुन्हा चालणारा प्लेअर घ्या. बाहेरच्या पट्टीवर 14 मिनिटं असं लिहा आणि आत बाक ठेवा. उभ्याने कोणी तीन मिनिटांपलीकडे बघत नाही. त्या जुन्या इमारतीतली वायर किती भार घेईल, हे मात्र वायरमनला दाखवल्याशिवाय एकही बोर्ड जोडू नका.

कोरीभिंत

काल सगळे मिळून पाचही जागा फिरलो. सकाळी दहाला निघालो, संध्याकाळ झाली.

छापखान्यात लाकडी खणांमध्ये खिळे अजून तसेच आहेत, अक्षरांचे, धूळ खाल्लेले. आमच्यातला मुद्राचित्रं करणारा मुलगा एक खण ओढून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "हे इथून हलवू नका, मी याच्याच वर लावतो." जो परवापर्यंत महाविद्यालयाचं दालन मागत होता, तोच. शाईवाल्या दोघींनी वाचनालयाची उत्तरेकडची भिंत लिहून दिली. काचेच्या खोलीसाठी तीन चिठोरे आले, तिन्ही मातीकाम करणाऱ्यांचे. महाविद्यालयासाठी अजून सात जण आहेत आणि भिंत चौघांपुरतीच आहे. त्या सात जणांशी उद्या एकेक करून बोलणार आहे. दोन ओळी वाचून तिघांची नावं जवळजवळ ठरली आहेत, पण नाही म्हणायचं ते समोर बसूनच म्हणेन.

कागदाच्या साठ्याची खोली आहे, बिनखिडकीचीच. वायरमन गुरुवारी येतोय.

उद्घाटनाची चाल उद्यानात संपवायची ठरली. किल्ल्यांचा कागद आज केला. नऊ नावं भरली. काचेच्या खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे आहे ते तिथल्या माळ्यालाही माहीत नाही, म्हणून सकाळी आधी तिथेच जाते.