मदत हवी आहे : जैविक वयाच्या दोन अहवालांपैकी कोणता धरावा?

माझ्या थोरल्या बहिणीचे वय ५४ आहे. लाळेच्या नमुन्यावरून केलेल्या मेथिलेशन (डीएनएवरील रासायनिक खुणांच्या) चाचणीत तिचे जैविक वय, म्हणजे शरीर किती म्हातारे झाले आहे याचा अंदाज, ४९ आले, तर रक्ततपासणीचे आकडे फेनोएज या जैविक वय काढण्याच्या सूत्रात घातल्यावर ५७ निघाले. पहिल्या अहवालावर ताई अर्थातच खूश आहे.

माझ्या वाचनानुसार संशोधक स्टीव्ह होर्वाथ यांचे २०१३ मधील ‘घड्याळ’ (वय मोजण्याचे सूत्र) डीएनएवरील ३५३ ठिकाणांच्या मेथिलेशनवरून वय सांगते, पण ते मुळात जन्मतारखेचे वय ओळखण्यासाठी घडवलेले होते. फेनोएज मात्र अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, ग्लुकोज, सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) अशा नऊ घटकांची आणि वयाची सांगड मृत्यूच्या जोखमीशी घालते, तीही अमेरिकी लोकांच्या नोंदींवरून.

ताईची उपाशीपोटीची साखर ११८ आहे, तिला लोहाची कमतरता असल्याने आरडीडब्ल्यू (लाल रक्तपेशींच्या आकारातील तफावत) वाढलेला आहे आणि रक्त दिले त्या आठवड्यात तिचा घसा दुखत होता. आरडीडब्ल्यू आणि सीआरपी हे दोन्ही त्या सूत्रात वय वाढवतात. मग लोह भरून आल्यावर आणि संसर्ग पूर्ण ओसरल्यावर पुन्हा तपासणी करावी का, आणि किती अंतराने?

शिवाय, दोन वर्षे उष्मांक कमी केलेल्या एका अमेरिकी प्रयोगात ड्युनेडिनपेस या मेथिलेशनवरील मापाने मोजलेला वार्धक्याचा वेग दोन-तीन टक्क्यांनी मंदावला, पण मेथिलेशनवरूनच काढलेल्या फेनोएज आणि ग्रिमएज या जैविक वयांमध्ये ठळक फरक दिसला नाही. असे असताना आहार, चालणे आणि झोप सुधारल्याचा परिणाम ताईने कोणत्या मोजमापावर पाहावा, की साखर आणि रक्तदाब यांवरच लक्ष ठेवावे? समूहातील डॉक्टरांनी किंवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. गोळ्यांच्या जाहिराती नकोत.