प्रतिसाद: व्हॅलेन्सियाचा पूर

वर तुम्ही म्हणता की १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी वळवली, म्हणून २०२४ च्या पुरात स्पेनमधलं व्हॅलेन्सिया शहर वाचलं. मूळ शहरापुरतं ते अगदी खरं. ५७ साली ऐंशीहून जास्त माणसं गेली, मग शहराच्या दक्षिणेला नवं पात्र खणलं. जुन्या कोरड्या पात्रात आज मैलोन्‌मैल बाग आहे. तीही सरकारला तिथे महामार्ग हवा असताना लोकांनी भांडून मिळवलेली!

पण २९ ऑक्टोबर २०२४ ला पाणी आलं ते पोयो नावाच्या एरवी कोरड्या ओढ्यातून, नव्या पात्राच्या पलीकडच्या पायपोर्तासारख्या गावांत. तिथे त्या दिवशी धड पाऊसही नव्हता, पडला तो वर डोंगराकडे. मोबाइलवर इशारा आला रात्री आठनंतर, तोवर रस्ते आणि तळघरातले वाहनतळ बुडाले होते. व्हॅलेन्सिया प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास बळी गेले. याला निव्वळ नैसर्गिक आपत्ती म्हणायला माझं मन धजत नाही.

ज्या शहरात कालव्याच्या पाण्याचे तंटे सोडवायला शेतकऱ्यांचं पंचायत-न्यायालय शतकानुशतकं दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात बसतं, तिथे हे घडावं याचं जास्त वाईट वाटतं. नंतर हजारो तरुण झाडू-फावडी घेऊन नव्या पात्रावरचा पूल ओलांडून त्या गावांतला चिखल उपसायला चालत गेले.