आईला कॅशलेस करायला गेलो आणि मीच अडकलो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, आधीच माफी मागतो.

आई ७३ वर्षांची, चिपळूणला एकटी राहते. बाबांची फॅमिली पेन्शन तिच्या खात्यात जमा होते. मी ठाण्यात. तिच्या घराजवळचं एटीएम गेल्या वर्षी बंद झालं. शाखेत जायचं तर रिक्षाचे जाऊन-येऊन शंभर, वर टोकन घेऊन तासभर बसायचं. म्हणून गणपतीला गेलो तेव्हा स्मार्टफोन घेऊन गेलो, अ‍ॅप टाकलं, किराणावाल्याकडे आणि मेडिकलमध्ये उभं राहून दोनदा स्कॅन करून दाखवलं. तिला जमलंही. माझ्या हिशेबाने विषय संपला.

दिवाळीत गेलो तर फोन कपाटात, डांबरगोळ्यांच्या शेजारी, बंद.

जमत नाही म्हणाली असती तर पुन्हा शिकवलं असतं. तिला जमतंय, पण करायचं नाहीये. आणि तिने जी कारणं सांगितली त्यातलं एकही मला धड खोडता आलेलं नाही. म्हणून इथे आलो.

पहिलं कारण अर्थातच २२ जुलै २०२१. त्या दिवशी वाशिष्ठी नदीच्या पुराने काय केलं ते चिपळूणकरांना सांगायला नको. आमचं घर पहिल्या मजल्यावर म्हणून माणसं वाचली, तळमजला बुडाला. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, बाजारपेठेतली एटीएम चिखलात. मी ठाण्यातून मिनिटाभरात तिच्या खात्यात वीस हजार टाकले, आणि ते खात्यातच पोहत बसले. तिने नाचणीच्या डब्यात साडेसहा हजार ठेवले होते. त्यातून मेणबत्त्या, पाण्याचे बाटले, दूध आणि जिन्यातला चिखल उपसणाऱ्या दोघांची मजुरी भागली. आपल्याकडे एसटीच्या आगारातली मंडळी नऊ लाखांची रोकड सांभाळत तासन्‌तास बसच्या टपावर बसून होती, ती बातमी आठवत असेल. आई ती बातमी अजून सांगते. "ते टपावर पैसे घेऊन बसले. रेंज घेऊन नाही बसले."

दुसरं कारण मला जास्त लागलं. तिच्या खात्याचे मेल माझ्याकडे येतात, मीच तशी सोय केली होती. एकदा फोनवर सहज विचारलं, "आई, मंगळवारी पाचशे कुणाला गं दिलेस?" ती गप्प झाली. दिवाळीत बोलली. आयुष्यभर बाबांना हिशेब दिला, आता मुलाला द्यायचा का? शिवाय मच्छीमार्केटात तो बोलणारा स्पीकर. "दोनशे चाळीस रुपये मिळाले" असं तो ओरडतो, आणि मी किती मासे घेतले हे आख्ख्या बाजाराला कळतं, असं तिचं म्हणणं. हसू नका, मीही हसलो होतो आणि मग जेवण होईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

ते पाचशे कामाला येणाऱ्या मावशींना दिलेले होते. पगार नव्हे, वरचे. मावशींच्या घरात एकच मोठा फोन, तो नवऱ्याकडे. खातं मावशींच्या नावावर, पण नंबर त्याचा. पैसे आले की मेसेज त्याला जातो आणि संध्याकाळपर्यंत खातं रिकामं. त्या आईला म्हणाल्या, "वैनी, पगार फोनवर टाकलात तरी चालेल, त्याला तो माहीतच आहे. पण वरचे काय असतील ते हातात द्या." आई तेव्हापासून सगळंच हातात देते. मी यावर काय बोलणार?

फसवणुकीचं वेगळं सांगत नाही. शेजारच्या काकांना "आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला, त्यांनी केला, आणि खातं धुऊन निघालं. आईचं म्हणणं, खिसा कापला तर खिशातलं जातं, यात घरातलं जातं.

आता दुसरी बाजू. रोखीनेही तिचे हाल होतायत. एटीएममधून पाचशेच्याच नोटा निघतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून सुट्ट्यांचा घोळ वाढलाय. कंडक्टर म्हणतो स्कॅन करा, ही म्हणते फोन घरी आहे. आणि मागच्या महिन्यात रक्त तपासायला गेली तिथे काउंटरवरच्या मुलीने "कॅश घेत नाही" म्हणून परत पाठवलं. उपाशीपोटी गेलेली बाई तशीच घरी आली. तेव्हापासून मला रात्री झोप नाही.

तर विचारायचं असं:

घरात किती रोकड ठेवणं शहाणपणाचं? तिचा फोन वापरात आणायचा तर नुकसान झालंच तरी थोडक्यात भागेल अशी रचना कशी करावी? रोख नाकारणाऱ्याला काय सांगावं? आणि मावशींचं काही करता येईल का?

"जग बदललंय, आईला बदलायला सांगा" हे सोडून काहीही चालेल.

– वाशिष्ठीकाठ

घाटमाथा: तेच लिहायला आलो होतो, जाऊ द्या. :) पण एक सांगतो. डब्यातली नोट सुरक्षित हा भ्रम आहे. ८ नोव्हेंबर २०१६ला रात्री आठ वाजता डब्यातल्या पाचशे-हजाराचं काय झालं? माझ्या आजीने औषधाला म्हणून साडीच्या घडीत ठेवलेले पैसे आम्हाला फेब्रुवारीत सापडले. घरात त्यावर हसायचं की रडायचं कळेना.

वाशिष्ठीकाठ: मान्य. आईही तेव्हा दोन दिवस रांगेत होती. त्यातून तिने धडा घेतला तो असा, की डब्यात शंभराच्या वरची नोट ठेवायची नाही. दोन हजाराची तर तिने कधी घेतलीच नाही, मे २०२३मध्ये ती मागे घेतली तेव्हा आठवडाभर मिरवत होती.

टोकन नं. ४२: बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली चौदा कॅश काउंटरवर. तुमच्या आईसाहेब माझ्या काउंटरवर आल्या असत्या तर मी त्यांना काहीच शिकवलं नसतं.

रचना सांगतो. पेन्शनचं खातं आणि फोनचं खातं वेगळं करा. पेन्शनच्या खात्याला यूपीआय लावूच नका. ऑटो स्वीप (जादा पैसे आपोआप एफडीत टाकायची सोय) असेल तर मुळीच नको, कारण तिथे खात्याबरोबर एफडीही मोडत जाते. दुसरं खातं छोटं, त्यात महिन्याला दोन-तीन हजार. जे जाईल ते तेवढंच. रोजच्या किराण्याला यूपीआय लाइट, म्हणजे अ‍ॅपमधलं छोटं पाकीट, लावा: एका वेळी हजारापर्यंत पिन लागत नाही, आणि आत पाच हजारांवर ठेवताच येत नाहीत. मात्र फोन उघडा सापडला तर पिनशिवाय ते पैसे जातात, म्हणून त्यात पाचशे-सातशेच ठेवा.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा. काही गडबड झालीच तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग बँक. वेळ घालवू नका. २०१७च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे, दोष तुमचाही नाही आणि बँकेचाही नाही अशा व्यवहारात, बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला भुर्दंड नाही. पण स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंत गेलेलं आपलं. शेजारच्या काकांचं बहुधा तिथेच अडलं असणार.

शाखेच्या खेपेबद्दल: सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच रोख द्यायची सोय करा असं बँकांना २०१७मध्येच सांगितलेलं आहे. शाखेत विचारलं की "आमच्याकडे नाही" म्हणतात. तोंडी विचारू नका. अर्ज द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८वर फोन करून रीत समजून घ्या. पोच बघितली की बऱ्याच शाखांना सोय आठवते, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतोय.

रोकड किती? पंधरा दिवसांचा किराणा, औषधं आणि एकदा ठाण्यापर्यंतचं भाडं. शंभर आणि पन्नासात. बहुतेक एटीएममध्ये शंभर किंवा दोनशेच्या नोटा असल्याच पाहिजेत असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५मध्ये बँकांना सांगितलंय, त्यामुळे पाचशेची अडचण जरा कमी व्हावी. आणि नोटा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, हे चिपळूणला मी काय सांगू! पुरानंतर चिखलाने माखलेल्या नोटा लोकांनी आणल्या होत्या, त्या उन्हात वाळवून आम्ही बदलून दिल्या. फोन कुणी बदलून दिले नाहीत.

उत्तरध्रुव: स्टॉकहोममधून लिहितेय. इथे बसमध्ये रोख चालत नाही, बऱ्याच कॅफेंच्या दारावरच तशी पाटी असते. सगळं स्विशवर, म्हणजे फोनवरून पैसे द्यायच्या इथल्या अ‍ॅपवर, आणि त्याला इथला व्यक्तिक्रमांक आणि बँकेची डिजिटल ओळख लागते. मी नवीन आले तेव्हा ते हातात यायला महिने गेले. ऑफिसात वाढदिवसाची वर्गणी काढत आणि मी नोट घेऊन उभी, कुणाला घ्यायचीच नसायची. तुमच्या आईचा तो लॅबमधला अनुभव मला बरोबर कळतो.

पण गंमत पुढे आहे. नोव्हेंबर २०२४पासून सरकारने घरोघरी एक पुस्तिका पाठवली, संकट आलं किंवा युद्ध झालं तर काय करायचं त्याची. पाणी, रेडिओ, बॅटरी, आणि त्याच यादीत घरात थोडी रोकड ठेवा, वेगवेगळ्या किमतीच्या नोटांत. युरोपातल्या पहिल्या कागदी नोटा १६६१मध्ये याच गावात छापल्या होत्या. शेजारच्या नॉर्वेने तर ऑक्टोबर २०२४पासून दुकानात रोख देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने पक्का केला. आईंना सांगा, नाचणीचा डबा आता सरकारी धोरण आहे.

घाटमाथा: आपल्याकडे धसई होतं की. मुरबाड तालुका. डिसेंबर २०१६मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजावाजा झाला, वडापाववाल्याकडेही कार्डाचं यंत्र. पुढे यंत्रं पडून आणि बाजार पुन्हा नोटांवर, अशा बातम्या आल्या. मी माझं पहिलं वाक्य मागे घेतो.

सुईदोरा: लॅबचं काय करायचं ते विचारलंत. नोट कायदेशीर चलन आहे हे खरं, पण उपाशीपोटी काउंटरवर कायदा सांगत बसणार कोण? आदल्या दिवशी फोन करून विचारा, नाही म्हणाले तर तुम्ही ठाण्यातून भरा. हे काम खरंच तुमचं आहे, आईंचं नाही.

मावशींसाठी: पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत त्यांच्या एकटीच्या नावाने खातं निघेल का बघा. पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर पैसे देतो, मोठा फोन लागत नाही. फक्त नोंदणीला नंबर कोणाचा द्यायचा ते आधी ठरवा, नाहीतर मेसेज पुन्हा नवऱ्याकडेच.

वाशिष्ठीकाठ: सगळ्यांचे आभार. काल आईला धागा वाचून दाखवला. स्वीडनचं दोनदा वाचायला लावलं.

ठरलं ते असं. दुसरं खातं काढायचं, त्यातून फक्त वीजबिल आणि गॅस. मासे रोखीनेच. डब्यात आठ हजार, पिशवीत बांधून. लॅबचं मी बघणार. आणि तिची एक अट: तिच्या खात्याचे मेल मला येणं बंद. केले. करताना जरा जीव वर-खाली झाला, खोटं कशाला बोलू.

टोकन काका, अर्ज दिला, पोच घेतली. साहेबांनी चष्मा काढून दोनदा वाचला.

पोस्टाच्या खात्याचं आईने मावशींना विचारलं. नंबर आईचा देता येईल, पण दोन अडचणी निघाल्या. रेशन दुकानात मावशींचा अंगठा चार वेळा दाबल्यावर एकदा लागतो, भांडी घासून रेघाच उरलेल्या नाहीत. आणि दुसरी, पोस्टमन त्यांच्याच वाडीतला, नवऱ्याच्या रोजच्या उठण्या-बसण्यातला. तो दारात येऊन पैसे मोजणार म्हणजे झालंच. सुईदोरा, पोस्टात जाऊन स्वतः पैसे काढता येतात का, आणि तिथे अंगठा नाही लागला तर दुसरं काय चालतं? कुणाला अनुभव असेल तर लिहा. तोवर मावशींचे वरचे पैसे आईकडेच जमा राहतायत, तांदळाच्या डब्यात. आईने त्यांच्यासाठी वेगळा डबा केलाय.