मदत हवी आहे : द्राक्षावरच्या केवडा रोगाचा संशोधन पेपर कुठे पाठवू?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तीन वर्षं ऑक्टोबरमधल्या छाटणीनंतर तासगाव भागातल्या द्राक्षबागा फिरून केवड्याच्या (डाऊनी मिल्ड्यू रोगाच्या) नोंदी घेतल्या. सकाळी दव सुकायच्या आत पान उलटून पांढरी बुरशी बघायची, वहीत लिहायचं. एका नावाजलेल्या जर्नलने अकरा महिने पेपर ठेवून घेतला आणि ‘विषय स्थानिक आहे’ म्हणून परत केला. दुसरं घेतंय, पण सगळ्यांसाठी खुला ठेवायची फी माझ्या तीन पगारांएवढी! फी नाही भरली, तर ज्या बागायतदारांनी बाग उघडून दिली त्यांनाच तो वाचता येणार नाही. हे मला अजिबात पटत नाही.

बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या वेबसाइटवर २०१३ पासून प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलने तपासून छापण्याआधीचा पेपर, फुकट ठेवता येतो. लेखक-वाचक कुणाकडूनच पैसे न घेणारी डायमंड जर्नलंही आहेत. पण बढतीच्या वेळी इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचे दाखले इतर संशोधक सरासरी किती वेळा देतात तो आकडा) विचारतात, आणि तो आकडा तर जर्नलची सरासरी सांगतो, माझ्या कामाचं मोल नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य जर्नलांची केअर यादी बंद केली, तरी आमच्याकडे यादी आणि आकडा बघायची सवय तीच.

वनस्पतिरोगाचा पेपर डायमंड जर्नलला कुणी पाठवलाय का? बढतीच्या समितीने तो धरला का? सोबत काय कागद जोडले, तेही कृपया सांगा.