शनिवार ३० मे, पणजी: जेवण ठरलं, परतीचं काय?

श्रीकांत (सचिव)

मंडळी,

मराठी मंडळाच्या सहलीच्या जेवणासाठी जागा धरून ठेवली आहे, पण गुरुवार दुपारपर्यंतच. त्यानंतर ते टेबलं दुसऱ्यांना देतील, आणि मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चाळीस माणसांना एकत्र बसवणारं दुसरं ठिकाण पणजीत आता मिळायचं नाही. तारीख पुढे ढकलायची नाही, हे बैठकीत झालेलं आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद. ताजी मासळी एकत्र बसून खायची तर आत्ताच. काजूचा हुर्राकही संपत आलाय.

तेव्हा जेवणाचा विषय कृपया पुन्हा काढू नका. प्रश्न एकच आहे: रात्री साडेदहाला उठल्यावर फोंडा, म्हापसा आणि मडगाव अशा तीन दिशांची माणसं घरी कशी जाणार? गाडी कोण आणतंय आणि त्यातलं कोण अजिबात पिणार नाही, एवढंच कळवा. कोळव्याच्या सहलीच्या वेळेसारखं ऐनवेळी फाटकाशी उभं राहून ठरवायचं नाही.

श्रीकांत

---

रोहन, पर्वरी

श्रीकांतदादा, ज्यांना प्यायचंय त्यांनी गाडी आणूच नये. इथे ओला-उबर नाहीत हे खरं, पण ॲपवर टॅक्सी मिळते. पर्वरीला नाहीतर म्हापशाला जायला मला तरी रात्री अडचण आलेली नाही. चौघांनी भाडं वाटून घेतलं तर जड जात नाही. एकटा असेल त्याला पायलट, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाले, आहेतच.

आणि जेवणानंतर लगेच पांगायचं कशाला? रविवारी पौर्णिमा आहे, म्हणजे शनिवारी चांदणं भरपूर. फोंतेनच्या जुन्या वस्तीतून मळा या भागातल्या झरीपर्यंत एक फेरी मारू. मंडळात निम्म्या लोकांनी तो भाग रात्री पाहिलेलाच नाही.

रोहन

---

नंदूकाका, फोंडा

रोहन, तू पर्वरीचा. अटल सेतू ओलांडला की तुझं घर. फोंडा तीसेक किलोमीटर आहे. रात्री अकराला पणजीहून फोंड्याला यायला टॅक्सीवाला नाखूशच असतो, कारण परतीचं भाडं मिळत नाही. तो आलाच तर दोन्हीकडचे पैसे मागतो, आणि त्याच्या बाजूने ते चूकही नाही. कदंबाची सरकारी शटल बस तोवर बंद झालेली असते. पायलटच्या मागे बसून माझ्या वयाच्या माणसाने बाणस्तारीपर्यंत यावं असं तुला वाटतं का?

बाणस्तारीचं नाव घेतलं म्हणून सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या पुलावर भरधाव मोटारीने समोरच्या गाड्या उडवल्या आणि तीन माणसं गेली. त्यातलं एक जोडपं दिवाडीचं होतं. मोटारवाल्यावर दारू पिऊन चालवल्याचा गुन्हा नोंदला गेला. आम्ही फोंडेकर रोज त्या पुलावरून ये-जा करतो. ती रात्र आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे ‘एकच घेतली, चालवतो मी’ हे वाक्य या सहलीत मला कोणाकडूनही ऐकायचं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. बस करा. फोंड्याहून एक बस निघू दे, वाटेत खोर्ली, जुनं गोवं, रायबंदरची माणसं घेऊ दे आणि त्याच वाटेने परत सोडू दे.

नंदू

---

प्रभाकर (खजिनदार)

नंदूकाकांची सूचना चांगली आहे, पण बस हा खर्च अंदाजपत्रकात नाही. सहल समितीने जागा धरताना मला विचारलं नव्हतं, बस धरताना तरी विचारावं. कोळव्याच्या बसचे पैसे सगळ्यांच्या वर्गणीतून गेले आणि बसमध्ये एकाच बाजूची माणसं होती, यावर वार्षिक सभेत किती बोलणं झालं ते सर्वांना आठवत असेल.

म्हणून ही माझी भूमिका: बसचं भाडं बसमध्ये बसणाऱ्यांनी द्यायचं. मंडळाच्या खात्यातून एक रुपयाही जाणार नाही. पैसे आधी, जागा नंतर. आणि बसवाल्याशी बोलणी मी करीन, इतर कोणी परस्पर करू नयेत.

प्रभाकर

---

भाऊ, वाळपई

श्रीकांतबाब, हुर्राकाचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण बाहेरून आलेल्या आपल्या मंडळींना यातलं एक ठाऊक नसतं आणि घोळ तिथेच होतो.

आमच्या सत्तरीत काजूचं बोंड झाडावरून तोडत नाहीत. पिकून खाली पडलं की वेचतात, बी पिळून काढतात, बोंडं तुडवून रस काढतात. तो रस आंबला की भट्टीवर भाणात चढवतात. पहिल्या उकळीला उतरतो तो हुर्राक. त्यात पुन्हा रस घालून दुसऱ्यांदा उतरवली की फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. हुर्राक मात्र हंगामापुरताच, फार दिवस टिकत नाही.

आता मुद्द्याचं. फेणीचा वासच माणसाला सांगतो की जपून घे. हुर्राक तसं सांगत नाही. लिंबाचं सोडा-पेय, मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची आणि बर्फ घातला की तो सरबतासारखा उतरतो. उकाड्यात दोनाचे चार ग्लास कधी होतात कळत नाही. माणूस नीट बोलतो, नीट चालतो, आणि स्वतःला वाटतं की मी ठीक आहे. माझ्या मेहुण्याने असंच आमच्या लग्नघरातून स्कूटर काढली होती. उसगावच्या अलीकडे शेतात गेला, खांदा मोडला. त्याच्या मागे कोणी बसलेलं नव्हतं ही देवाची कृपा.

कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर मद्य सापडलं की गुन्हा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हुर्राक हलका म्हणून यात सूट नाही.

भाऊ

---

अपर्णा, मडगाव

जेवणाचा विषय काढू नका म्हटलंय, तरी काढते, कारण परतीचा प्रश्न त्यातूनच आलाय.

रात्रीचं जेवण ठेवलंच का? गोव्यात मासळीचं ताट दुपारचं. शीत, हुमण म्हणजे माशाची आमटी, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, रव्यात तळलेला बांगडा, सोलकढी, सगळं दुपारी ताजं आणि एका ताटात. रात्री तेच एकेक पदार्थ मागवा, दुप्पट द्या, आणि हुमण दुपारचंच गरम केलेलं. अठरा जून रस्त्यावर रिट्झ क्लासिक हॉटेलच्या दारात दुपारी जी रांग असते ती काय उगाच? बारा-साडेबाराला बसू, तीनला उठू, रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडीला जाऊ. माणसांना तिकीटही नाही. पियदादच्या टेकडीवर वारा खाऊ आणि काळोख पडायच्या आत सगळे घरी. बस नको, टॅक्सी नको.

अपर्णा

---

विद्या, म्हापसा

अपर्णा, दुपारी तीनला मे महिन्यात दिवाडीला? सासूबाईंना घेऊन मी तरी येणार नाही. शिवाय आमच्या ह्यांना वेर्ण्यात शनिवारी पूर्ण दिवस काम असतं, आणि तसे सात-आठजण आहेत. दुपार ठेवली तर नोकरीवाले सगळे गळले. मंडळात त्यांना एरवीच बोलावणं उशिरा पोचतं.

अजून एक. अधिक महिना चालू आहे. आमच्याकडे, आणि मला वाटतं अजून चार-पाच घरी, मासे नाहीत. आमच्यासाठी ‘पनीर काहीतरी’ असं नको. खतखतं, मुगागाठी, आळसांद्याचं तोणाक यातलं दोन तरी आधी सांगून ठेवा. सारस्वतांच्या राज्यात शाकाहारी माणसाने पनीर का खावं? तिरफळं घातलेलं खतखतं मिळत असेल तर मासे खाणारेसुद्धा आमच्या टेबलाकडे येतील.

अनारसे मी आणीन. जावयांना वाण द्यायचं असेल तर आधी सांगा, त्या हिशेबाने करीन.

विद्या

---

मेधाताई, पणजी

रोहनच्या फेरीबद्दल.

मी मळ्यात राहते, लग्न होऊन आले तेव्हापासून. आमच्या गल्ल्यांत लोक झोपतात, म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. दिवसभर कोणी ना कोणी आमच्या पायऱ्यांवर बसून, दाराला टेकून फोटो काढत असतं. शेजारच्या आजीने खिडकी उघडायची सोडून दिली आहे, कारण उघडली की समोर कॅमेरा. कितीतरी घरांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या आहेत. त्या पाट्यांपुढे उभं राहूनही फोटो काढतात. रात्री दहानंतर तरी गल्ली आमची असते. त्या वेळी चाळीस माणसं जेवून, पिऊन, मोठ्याने बोलत तिथून निघाली, तर ती मराठी मंडळाची आहेत म्हणून मला बरं वाटणार नाही. उलट दुसऱ्या दिवशी पोदेराकडे पाव घेताना मलाच ऐकावं लागेल.

फोंतेन दाखवायचाच असेल तर जेवणाआधी या. साडेपाचला ऊन कलतं, भिंतींचे निळे-पिवळे रंग तेव्हाच खरे दिसतात. दहा-दहाच्या गटाने चला, मी स्वतः फिरवीन. ३१ जानेवारी रस्त्यावरच्या जुन्या बेकरीत काय घ्यायचं तेही सांगीन. पण रात्री नाही.

मेधा

---

रोहन, पर्वरी

मेधाताई, मान्य. संध्याकाळी साडेपाच. गटांची यादी मी करतो.

विद्याताई, मुगागाठी गावठी मुगाच्याच असू देत असं सांगाल का?

---

अपर्णा, मडगाव

विद्या, नोकरीवाल्यांचं पटलं. तरी हुमणाबद्दल मी म्हणते ते खरंच आहे. आणि मालवणकडच्या आपल्या मंडळींनी ‘आमच्याकडे असंच करतात’ म्हणू नये. बांगड्याच्या हुमणात तिरफळ पाहिजेच, आणि नारळ बारीक वाटलेला.

मडगावच्या आम्ही सातजणी. मी पीत नाही, माझी गाडी आहे, त्यात चौघी. उरलेल्या तिघींचं बघा. नव्या झुआरी पुलामुळे रात्री वाट मोकळी असते, तेव्हा पणजीहून घरी पोचायला तासापेक्षा जास्त लागत नाही.

---

गणपतराव, कुडाळहून आता डिचोली

तिरफळ आमच्याकडेही घालतात. वाटपाची पद्धत वेगळी, एवढंच. आमच्या आईच्या हातचं बांगड्याचं तिकलं कोणी चाखलं असेल तर ते असं लिहिणार नाही.

---

प्रभाकर (खजिनदार)

बसवाल्याशी बोललो. लहान बस आहे. फोंडा, खोर्ली, जुनं गोवं, रायबंदर, पणजी आणि तशीच परत. रात्री अकरापर्यंत थांबेल, त्यापुढे तासाचे वेगळे पैसे. फोंतेनच्या गल्ल्यांत बस शिरत नाही आणि अठरा जूनवर थांबू देणार नाहीत. त्यामुळे पाटोवर, कदंबा स्टँडच्या बाजूला उतरायचं आणि पूल ओलांडून चालत यायचं. परत जाताना तिथेच चढायचं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना रोहन स्कूटरवरून आणून सोडेल, असं तो फोनवर म्हणाला आहे.

पैसे बुधवार संध्याकाळपर्यंत. ज्याचे पोचले नाहीत त्याची जागा नाही, मग तो कोणीही असो.

---

नंदूकाका, फोंडा

प्रभाकर, पैसे आजच पाठवतो, माझे आणि शेजारच्या दोघांचे. एक विनंती. मडगावच्या उरलेल्या तिघींना बसमध्ये घे आणि रात्री फोंड्यात आमच्याकडे झोपू दे. वरची खोली रिकामी आहे. सकाळी मंगेशीचं दर्शन करून मडगावच्या बसने जातील. अपर्णाबाई, त्यांना विचार.

म्हापशाच्या लोकांनी मात्र गाडी चालवणाऱ्याचं नाव इथेच लिहावं, सगळ्यांसमोर. ज्याचं नाव लिहिलं त्याच्या हातात ग्लास दिसला तर मी काढून घेणार. वयाने मोठा आहे, रागावलात तरी चालेल.

---

विद्या, म्हापसा

नऊजण, दोन गाड्या. एक मी चालवणार, दुसरी आमचे हे. अधिक महिन्यात आम्ही दोघंही घेत नाही, तेव्हा काका, तुम्ही निश्चिंत जेवा. रोहन, मूग गावठीच सांगितले आहेत.

---

श्रीकांत (सचिव)

ठरलं मग.

साडेपाचला पाटोवर जमायचं. मेधाताईंबरोबर दहा-दहाच्या गटाने फोंतेन, साडेसातपर्यंत. आठला जेवण. साडेदहाला उठायचं, पावणेअकराला बस हलणार. शाकाहारी टेबलासाठी खतखतं आणि मुगागाठी कबूल केली आहेत, तोणाकाचं उद्या कळेल. प्यायची व्यवस्था ज्याची त्याने बिल भरून. २१ वर्षांखालच्यांना मागवू देणार नाहीत आणि त्यावरून तिथे वाद घालायचा नाही. वळवाचा पाऊस आला तर फेरी रद्द, जेवण नाही. छत्र्या आणा.

गाडी चालवणाऱ्यांची नावं: अपर्णा, विद्या, विद्याचे यजमान. पर्वरीवाले रोहनबरोबर टॅक्सीने. स्कूटर तो मेधाताईंच्या अंगणात ठेवून जाईल. डिचोली आणि वाळपईचं अजून रिकामं आहे. गणपतराव, भाऊ, तुमचं काय?

---

भाऊ, वाळपई

आम्ही दोघे डिचोलीपर्यंत गणपतरावांच्या गाडीने येऊ. त्यांचा मुलगा चालवणार आहे, तो घेत नाही. पुढे माझा पुतण्या न्यायला येईल. घरच्या भट्टीचा हुर्राक आणला असता, पण बाहेरचं तिथे चालत नाही म्हणे, तेव्हा काजूगर आणतो.

---

अपर्णा, मडगाव

नंदूकाका, तिघी तयार आहेत. पैसे प्रभाकररावांना पाठवले. एकीला जिना चढवत नाही, तिची खालीच सोय होईल का?

---

नंदूकाका, फोंडा

होईल. ओसरीलगतची खोली देतो.