मदत हवी आहे: खुर्ची रिकामी असली तरी टॉमकॅटवरचे सेशन संपत नाही

नमस्कार मंडळी,

पुण्यातील एका पतसंस्थेसाठी आम्ही जावामध्ये लिहिलेली वेब प्रणाली सांभाळतो. ती टॉमकॅट ९ या जावा वेब सर्व्हरवर चालते आणि सेशनची (सर्व्हरने एका ब्राउझरसाठी ठेवलेल्या सत्राची) वापर नसताना संपण्याची मुदत मूळचीच, म्हणजे ३० मिनिटांची, ठेवलेली आहे.

'सध्या किती जण लॉगिन आहेत' हा आकडा दाखवण्यासाठी मी सेशन लिसनरमध्ये (सेशन सुरू वा बंद झाल्याची सूचना मिळणाऱ्या कोडमध्ये) काउंटर ठेवला होता. रात्री शाखा बंद असतानाही तो ३६०च्या आसपास दिसे. टॉमकॅटच्या पुढे असलेल्या प्रॉक्सीची (विनंत्या त्याच्याकडे पाठवणाऱ्या सर्व्हरची) 'टॉमकॅट चालू आहे ना' ही दर ५ सेकंदांची तपासणी लॉगिनच्या जेएसपी पानावर येत होती आणि ती सेशनची ओळख सांगणारी कुकी परत पाठवत नसल्यामुळे प्रत्येक वेळी नवे सेशन उघडत होते, हे हिशेब मांडल्यावर (३० मिनिटांत ३६० तपासण्या) लक्षात आले. त्या पानावर सेशन न उघडण्याची सूचना टाकल्यावर तो प्रश्न मिटला. सर्व्हर रीस्टार्ट केल्यानंतर मात्र तोच काउंटर उणे २७ दाखवू लागला! टॉमकॅट बंद होताना सेशन फाइलमध्ये साठवतो आणि सुरू होताना परत उचलतो. तेव्हा सेशन तयार झाल्याची सूचना लिसनरला मिळत नाही, पण पुढे ती सेशन संपल्याची मिळते. म्हणून आता मी स्वतःची मोजणी सोडून जेकन्सोल या जावाच्या देखरेख साधनातून टॉमकॅटच्या सेशन मॅनेजरचा (सेशन सांभाळणाऱ्या घटकाचा) सक्रिय सेशनचा आकडाच पाहतो.

खरी अडचण पुढेच आहे. मंजुरीसाठी आलेली व्हाउचरे दाखवणारे पान दर २० सेकंदांनी सर्व्हरला विचारणा करते आणि टॉमकॅटच्या दृष्टीने तीही वापरच असल्यामुळे मुदत दर वेळी नव्याने सुरू होते. परवा एक अधिकारी दीड वाजता पान उघडे ठेवून जेवायला गेले, आणि ते परत येईपर्यंत त्यांच्या नावावर दुसऱ्याच कोणीतरी तीन व्हाउचरे मंजूर केली होती. मुदत १० मिनिटांवर आणूनही यात काही फरक पडणार नाही, हे संस्थेला समजावताना माझी दमछाक झाली.

माझ्या मनात असे आहे की, फिल्टरमध्ये (प्रत्येक विनंती आधी ज्यातून जाते त्या कोडमध्ये) ही विचारणा वगळून इतर प्रत्येक विनंतीची वेळ सेशनमध्ये नोंदवावी आणि ती १५ मिनिटांपेक्षा जुनी असल्यास सेशन तिथेच रद्द करावे. पण त्याच क्षणी त्याच सेशनवर दुसरी विनंती चालू असेल, तर तिला 'सेशन अवैध आहे' असा अपवाद (एक्सेप्शन) मिळेल. तो सगळीकडे पकडत बसण्यापेक्षा बरा मार्ग आहे का?

दुसरे असे की, संस्थेच्या व्यवस्थापकाला एखाद्याचे सेशन दुरून बंद करता यावे म्हणून आयडीनुसार सेशनचा मॅप (यादी) ठेवावा, की टॉमकॅटच्या सेशन मॅनेजरच्या एमबीनमधील (बाहेरून नियंत्रण करू देणाऱ्या जावा घटकातील) सेशन संपवण्याची सोय वापरावी? लॉगिननंतर आम्ही सुरक्षिततेसाठी आयडी बदलतो, त्यामुळे मॅपमधली नोंद जुनी होते. शिवाय रीस्टार्टनंतर परत उचललेली सेशन त्यात नसतातच. माझा कल एमबीनकडे आहे, पण प्रत्यक्ष चालू प्रणालीत कोणी ते केले असल्यास अनुभव कळवावा.