पाकटाच्या आतड्यातले कृमी: जात कशी ठरवायची?

पंचवटीचा_विद्यार्थी:
नमस्कार मंडळी. नाशकात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतोय, प्रकल्प समुद्री माशांतल्या परजीवी कृमींवर आहे. आज सकाळी जुन्या नाशकातल्या बाजारातून एक लहान पाकट (स्टिंगरे) आणलं, मुंबईहून बर्फात आलेलं. आतडं उभं चिरलं तर आतल्या पिळदार घड्यांना चिकटलेले पांढुरके चपटे कृमी निघाले, सगळ्यात लांब बोटाच्या पेराएवढा. डोक्यावर चार पसरट अवयव दिसतात. पट्टकृमी (टेपवर्म) आहेत एवढं कळलं, पुढे अडलंय. जात कशी ठरवतात? आणि आजवर कुणी नोंदवलेली नसेल, तर ते कसं कळणार? जुने पेपर काढले, पण एकाच नावाखालच्या दोन पेपरांतल्या आकृत्या एकमेकींशी जुळत नाहीत.

स्लाइडवाल्या_मॅडम:
पाकट कुठे आहे? घरात असेल तर आधी ते फ्रीझरमध्ये ठेव, मग पुढचं वाच.

माझी बरीच वर्षं कृमींच्या स्लाइडी करण्यात गेली, आणि प्रत्येक नव्या मुलाला मी हेच सांगत आले: कृमीचं नाव यजमानापासून, म्हणजे तो ज्या प्राण्यात राहतो त्यापासून, सुरू होतं. पाकटांतले पट्टकृमी यजमानाच्या बाबतीत फार काटेकोर असतात. बहुतेकदा कृमीची एक जात पाकटाच्या एकाच जातीत सापडते. तुझ्या आकृत्या न जुळण्याचं एक कारण इथेच असू शकतं. जुन्या पेपरांत यजमान म्हणून 'ट्रायगॉन सेफेन' लिहिलेलं दिसेल. तेच आज पॅस्टिनाकस सेफेन, आणि पूर्वी या एका नावात बसवलेली पाकटं आता वेगवेगळ्या जाती मानली जातात. म्हणजे दोन लेखकांनी एकच नाव लिहिलं तरी मासा एकच होता याची खात्री नाही. माशाचा फोटो नाही, तुकडा नाही, मग पडताळणार कशावर? म्हणून पाठीचा, पोटाचा, शेपटीचा फोटो काढ, शेजारी पट्टी ठेवून. स्नायूचा छोटा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाक आणि कृमीचा आणि माशाचा नंबर एकच दे.

आता कृमी. सगळे फॉर्मॅलिनमध्ये घालू नकोस, डीएनए खराब होतो. काही कृमींचा मधला तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेव, डोकं आणि शेपटाकडचा भाग स्लाइडसाठी. ॲसिटोकार्मिनने रंगव, जास्त झालेला रंग आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलने उतरव. घाई करू नकोस, इथेच स्लाइडी बिघडतात. पक्व खंडात (कृमीचं अंग खंडाखंडांचं असतं) वृषणं किती, अंडाशयाचा आकार कसा, जननछिद्र बाजूच्या कडेला नेमकं कुठे उघडतं, हे मोज. एका कृमीवर थांबू नकोस, अनेकांत मोज, कारण मापं बदलतात.

आणि डोकं. चारही अवयवांवर प्रत्येकी दोन दुशाखी आकडे (हुक) आहेत का, हे आजच बघ. असतील तर तू अकॅन्थोबोथ्रियम या प्रजातीत (जवळच्या जातींचा गट, जीनस) आहेस. आकडे नाहीत, अवयव देठावर आहेत आणि त्यांवर आडव्या भिंतींचे कप्पे आहेत, तर ऱ्हिनेबोथ्रिइडिया गणाकडे बघ. जुन्या पुस्तकात हे दोन्ही टेट्राफिलिडिया गणात सापडतील. ऱ्हिनेबोथ्रिइडिया २००९ मध्ये वेगळा झाला, अकॅन्थोबोथ्रियम २०१४ मध्ये ऑन्कोप्रोटिओसेफॅलिडिया गणात गेलं. या फेरमांडणीत कनेक्टिकट विद्यापीठातल्या जनीन कायरा यांचं काम फार मोठं आहे, ते शोधून वाच. नाव आज मान्य आहे का, हे समुद्री जातींच्या जागतिक नोंदवहीत बघता येतं.

नवी जात म्हणायला घाई नको. आधी त्या प्रजातीच्या ज्ञात जातींशी एकेक करून ताडून बघावं लागतं. नवीच निघाली तर प्ररूप नमुना, म्हणजे ज्यावरून जातीचं नाव ठरलं तो नमुना, मान्य संग्रहात ठेवावा लागतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीची सूचना ठरवून दिलेल्या संग्रहाला देणं बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण, कोलकाता हा असाच एक संग्रह.

कॉलेजरोडची_सुगरण:
विषय थोडा सोडून विचारते. बांगडा साफ करताना पोटात गोल गुंडाळून बसलेले बारीक पांढरे किडे दिसतात. तेही हेच का? खायला चालतो का तो मासा?

स्लाइडवाल्या_मॅडम:
नाही ताई, ते गोलकृमी, बहुधा ॲनिसॅकिस किंवा त्याच्या कुटुंबातले. ॲनिसॅकिसचे प्रौढ कृमी देवमासे आणि डॉल्फिनच्या जठरात राहतात. अंडी विष्ठेतून पाण्यात, अळी आधी बारीक कवचधारी प्राण्यांत, मग मासा किंवा माकुळात, तिथून परत देवमाशात. आपण मध्येच मासा उचलतो. पोट लगेच काढा आणि मासा आतपर्यंत नीट शिजवा, अळी मरते. कच्चा किंवा अर्धा कच्चा नको. उणे २० अंशांत सात दिवस गोठवला तरी मरते, बर्फात ठेवून मात्र मरत नाही. काहींना मेलेल्या अळीचीही ॲलर्जी येते, खाल्ल्यावर अंगावर गांध्या उठल्या तर डॉक्टरांना दाखवा.

पंचवटीचा_विद्यार्थी:
मॅडम, पाकट फ्रीझरमध्ये आहे, फोटो काढले. भिंगाखाली आकडे दिसले! प्रत्येक अवयवावर दोन, दोन्हींना दोन टोकं. पण कृमींचं अंग मऊ पडलंय, काहींचे खंड सुटून आलेत.

स्लाइडवाल्या_मॅडम:
शाब्बास, प्रजाती मिळाली. अंग मऊ पडणारच. यजमान मेला की पट्टकृमी काही तासांत खराब व्हायला लागतात, आणि डोक्याच्या पृष्ठावरचे सूक्ष्म केस, जे वर्णनाला लागतात, ते आधी जातात. मुंबईहून कसारा घाट चढून येईपर्यंत त्यांचं काय उरणार? या नमुन्यांवर नवी जात उभी करू नकोस. सरावाला ठेव.

नाशकात बसून चांगलं काम होईल ते अळ्यांवर. बांगड्यातल्या गोलकृमींच्या अळ्या बर्फातही जिवंत येतात. जठराच्या मागचा भाग, आतड्याची आंधळी पिशवी आहे की नाही, उत्सर्जक छिद्र ओठांजवळ की चेतावलयाजवळ (चेतातंतूंच्या कड्याजवळ), यावरून प्रजातीपर्यंत पोचता येतं. जातीसाठी डीएनए लागेलच. मोठ्या माशांच्या मांसात ट्रायपॅनोऱ्हिंका या पट्टकृमींच्या गणातल्या अळ्यांच्या पुटीही मिळतील. पुटी फोडून अळी साध्या पाण्यात ठेवलीस तर चार काटेरी सोंडा बाहेर येतात. मग काट्यांच्या रांगा सोंडेच्या बुंध्याशी आणि मध्यावर, दोन्ही ठिकाणी काढ.

पाकटांचंच करायचं असेल तर पहाटे मुंबईच्या ससून डॉकला जा. कोळणींना आधी विचार, आतडं त्या फेकूनच देतात. मासा कापायच्या आधी फोटो, मग आतडं गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात. कडक पाण्याचा थर्मास ने, कृमी त्यात टाकले की सरळ होऊन मरतात, आकसत नाहीत. आणि व्हेल शार्क किंवा करवतमासा दिसला तर हात लावू नकोस, दोन्ही संरक्षित आहेत.